दोरीला बांधलेली पेन्सिल

जर्मनीत, एश्बॉर्नच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या या गृहस्थांनी माझं डोकं उठवलंय. पूर्वी ते इंग्लंडात होते. तिथल्या बरो कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणुकांचा सगळा इतिहास यांना तोंडपाठ: कुठला वॉर्ड कधी फिरला, कोण किती मतांनी आपटला. अहो, पण मला काय त्याचं! "तिथे भारतीय पासपोर्टवरसुद्धा मत होतं, बरं का!" हे तर रोजचंच. इथे मात्र यांना मत नाही.

मी जर्मन पासपोर्ट घेतलाय. रविवारी गावच्या निवडणुकीला जायचा कंटाळा केला, तर हे दारात हजर. "चला, उठा!" चडफडत गेलो. आत शेकडो नावांची टेबलाएवढी मतपत्रिका. अर्ध्या तासाने बाहेर आलो, तर हे थंडीत उभेच.

"झालं समाधान?" मी विचारलं.

मत कुणाला दिलं, हे त्यांनी विचारलंच नाही. हळूच म्हणाले, "तिथे मत द्यायची पेन्सिल दोरीला बांधलेली असायची. इथेही असते का हो?"