हसाजीकाकांचं पूर्ण नाव

हसाजीकाका मला दारातच थांबवायचे. "नाव घे," म्हणायचे. मी "येहेज्केल" म्हटलं की मगच आत. कात्रपला त्यांच्याकडे चोवीस वर्षं भांडी घासली, स्वयंपाक केला. रोज चामटोलीहून चालत. नाव घेतल्याशिवाय एक दिवस सोडलं नाही त्यांनी.

सगळी बिल्डिंग त्यांना हसाजी म्हणायची. कोकणातले बेने इस्रायली ज्यू ते, अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते. मूळ नाव हिब्रू, पण गावातल्या लोकांनी फार पूर्वीच आपल्या तोंडात बसेल असं करून टाकलेलं. काकांना त्याचा राग नव्हता. एका माणसाला तरी खरं यावं, इतकंच. बायको गेलेली, मुलगा इस्रायलला. उरले मीच. "मधला ह घशातून काढ. फोडणीच्या मिरचीनं खाकरतेस ना, तसा." महिना लागला मला.

अर्थही त्यांनीच सांगितला, देव बळ देतो. माझा नवरा तेव्हा नुकताच गेला होता, पोरगी अंगावर पीत होती. मी भांडी विसळता विसळता विचारलं, मग माझ्या वाट्याचं कुठं गेलं, काका?

"पार्वते, तो महिन्याचा पगार देत नाही. रोजंदारीवर ठेवतो. आज उठलीस ना? मिळालं आजचं."

त्यांच्यात आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना माणसाच्या नावापुढे आईचं नाव लावतात. माणूस गेला की बापाचं. दोन्ही नावं माझ्याकडून पाठ करून घेतली. मी चिडायचे, मला कशाला हे? तर म्हणायचे, मुलगा लांब आहे, विचारतील तेव्हा तूच असशील.

तसंच झालं. गेल्या वर्षी काका मोरीत पडले, दवाखान्यात नेलं. त्यांच्या प्रार्थनाघरातल्या भाऊंचा रोज सकाळी फोन यायचा. मी सांगायचे, येहेज्केल, आई रिबका. बारा दिवस सांगितलं.

तेराव्या दिवशी पहाटे काका गेले. मुलगा विमानात होता. भाऊंचा फोन आला, दफन दुपारी आहे म्हणाले. मग, "बाई, आता बापाचं नाव सांगा."

मी म्हटलं, "रिबका."

 

मी पदरानं तोंड पुसलं. घसा साफ केला. ह नीट काढला.

"येहेज्केल. बाप श्लोमो."