म्हाळूतात्यांचा वाडा आणि माझा टिपका

माझा नकाशा चुकलाय, हे मला तोंडावर सांगणारा माणूस आज सकाळी गेला.

म्हाळूतात्या. मेंढपाळ. शेंद्रा-करमाड पट्ट्यात कुठंही भेटायचे, पण एका जागी कधीच नाही.

शेंद्र्याच्या कारखान्यांसाठी मी इमर्जन्सी मॅप करत होतो. गॅस सुटला तर कुणाला आधी हलवायचं, कुठल्या रस्त्यानं, याचा नकाशा.

मी आयटीआय फिटर. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करणं, कुणी शिकवलं नाही, स्वतः शिकलो. एकेक विहीर जीपीएस घेऊन पायी तपासलेली. गुर्मी होती, कबूल.

एका रानावर मी लिहिलं होतं, 'वस्ती नाही'.

तिथंच तात्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता तळ, उतरलेला. चार बिऱ्हाडं, दीडशे मेंढरं.

"मंग आमी कोन, भुतं?"

उपग्रहाचा फोटो ज्या दिवशीचा, त्या दिवशी ते रान मोकळं होतं. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतो, चार दिवसांनी वाडा पुढच्या रानात. हे लहानपणापासून बघतोय, तरी सुचलं नाही.

ओशाळून मी लगेच नकाशावर टिपका टाकायला मोबाइल काढला. तात्यांनी हात धरला.

"नाय टाकायचा."

"का?"

"नामांतराच्या टायमाला शेजारच्या गावात वस्ती पेटवली. माझ्या बापानं त्यातली एक म्हातारी अन् तिची दोन नातवंडं आमच्या वाड्यात लपवली. हुडकणाऱ्यांना वाडा घावलाच नाय, म्हून जगली ती. अन् तू सगळ्यांना पत्ता देतो व्हय?"

मी मोबाइल खिशात ठेवला.

मग एवढंच म्हणालो, "तात्या, गॅस पत्ता विचारत नाही हो."

तात्यांनी बिडी पेटवली.

"छापायचा नाय. तुझ्या एकट्याच्या मशिनीत ठिव. आमी हाललो की पुसायचा. फोन मी करीन."

आणि केला. दर मुक्कामाला. दोन वर्षं.

एका दुपारी अमोनिया सुटला. वारा पूर्वेला. छापील नकाशात त्या बाजूला नुसतं रान.

माझ्या मशीनमध्ये टिपका. दोनच दिवसांपूर्वीचा. मी फोन लावला.

"तात्या, वाऱ्याच्या आडवं निघा! डोंगराकडं!"

"मेंढरं सोडतो आधी."

"आधी माणसं!"

"मेंढरं हालली की मागं माणसं हालतातच. गप."

पाऊण तासानं फोन. धाप लागलेली.

"मेंढरं पुरी हायेत."

"आणि माणसं?"

"थांब."

एकेकाला नावानं हाक मारत गेले. फोन चालूच. मी प्रत्येकाची 'ओ' ऐकत होतो. शेवटचं नाव नातीचं. आठ दिवसांची पोर, ती काय ओ देणार?

तेवढ्यात ती रडली.

"पुरी," तात्या म्हणाले.

वाडा हलला की आता सूनबाई फोन करणार आहेत. तात्यांनीच सांगून ठेवलं होतं.

तात्या, निवांत जा. माझा मनापासून रामराम.