डॅन्यूबकाठचं गाव आणि न बिघडलेला एसी

कुवेतमधल्या आपल्या मंडळींना एक विचारायचं आहे. मी अब्बासियात राहतो, एसी दुरुस्तीचं काम करतो.

आज दुपारी एका ऑस्ट्रियन इंजिनिअरच्या फ्लॅटवर गेलो. साठीचे गृहस्थ, एकटेच राहतात. महिन्यातली ही तिसरी तक्रार. एसी तपासला, तर काहीच बिघाड नाही.

तसं सांगितल्यावर त्यांनी चहा पुढे केला आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. डॅन्यूब नदीकाठचं त्यांचं छोटं गाव. नदी तिथे अरुंद होऊन वळते, म्हणून पूर्वी मालाची जहाजं तिथेच अडवून जकात घेत. त्यावर गाव श्रीमंत झालं. पुढे रेल्वे आली, जहाजं यायची बंद झाली आणि माणसं गाव सोडून गेली.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, "आमच्या राजापूरलाही खाडीतून गलबतं यायची. इंग्रजांची वखार होती. मग गाळ भरला नि बंदर बंद पडलं."

"आता घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"आई होती, गेल्या वर्षी गेली. घराला कुलूप आहे. तुमच्याकडे?"

"कुलूपच," ते म्हणाले.

इथे आल्यापासून मला गावाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

रिपोर्टवर 'बिघाड नाही' लिहिलं असतं, तर ऑफिसने त्यांची पुढची तक्रार घेतलीच नसती. मी लिहिलं, 'पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी.' त्यांनी वाचलं आणि सही केली.

खोटं लिहिलं, हे कळतं मला. पण त्यांच्यासाठी लिहिलं की माझ्यासाठी, ते ठरत नाहीये. तुम्ही काय लिहिलं असतं?