जंतू निल

धारूरच्या बाजारात आमचे एक डॉक्टर आहेत. रिपोर्ट वाचून झाला की चष्मा कपाळावर चढवतात आणि ‘निल!’ म्हणतात. जणू यांनीच फुंकर मारून रोग घालवलाय! माणसं हात जोडून बाहेर पडतात.

माझी थोरली बहीण, आक्का, पोटात जळजळतं म्हणून त्यांच्याकडे गेली. जठरात जखमा आणि कधी कधी कॅन्सरही करणारा एक जंतू असतो, त्याची तपासणी त्यांनी करून घेतली आणि रिपोर्ट बघून म्हणाले, “जंतू निल, मग टेन्शनबी निल!”

“मग दुखतंय कावून?” आक्कानं विचारलं.

“तिखट लई खाता. सोडा.”

ठेच्याशिवाय जिला घास उतरत नाही, तिनं वर्षभर फिकं कालवण खाल्लं. जळजळ तशीच.

शेवटी मी तिला लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं, तर जठरात एक लहानसा फिकट डाग. त्याचा तुकडा तपासायला पाठवला, तर कॅन्सर निघाला. अगदी सुरुवातीचा होता, म्हणून दुर्बिणीतूनच काढता आला. “जंतू नसला तरी हा होऊ शकतो,” बाई म्हणाल्या.

परतल्यावर मी आक्काला घेऊन तडक धारूरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, चष्मा कपाळावर चढवला आणि खुशाल म्हणाले, “बरं केलंत. मलाबी मागं जळजळ व्हायची. जंतू निल होता, तरी पुण्याला जाऊन दुर्बीण टाकून आलो. म्हटलं, मनात शंका नको.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्का बोलली.

“तुमाला दुर्बीण, आन् मला फिकं कालवण व्हय?”