एअर फिल्टरचं झाकण

बाळांनो, तुम्ही तिकडे जुनी गाडी घेतलीत, म्हणून हे आत्ताच लिहिते. कापसाला भाव नव्हता त्या वर्षी आमची छोटी गाडी राळेगावला बंद पडली. तुमच्या आईची यवतमाळला प्रवेशपरीक्षा होती. मिस्त्रीसमोर मी गाडीच्या इंग्रजी पुस्तकातले बिघाड क्रमाने वाचू लागले. त्याने हात पुसत सगळं ऐकलं आणि एअर फिल्टरचं झाकण उघडलं. धूळ जाऊ नये म्हणून मीच तिथे घरचा कापूस ठासला होता. इंजिनाला हवाच मिळत नव्हती.

"बाई, भाव नाही म्हणून गाडीले चारून राह्यल्या का?"

तुमची आई परीक्षेला वेळेवर पोचली, पण वाटभर हसत. गाडी केव्हाच भंगारात गेली. तिचं ते हसणं अजून आहे.