गाडीच्या नव्या डोक्यासाठी गाऱ्हाणं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. आमच्या घरच्यांनी ही गोष्ट मीठमसाला लावून गावभर वाटलीय. म्हटलं, गाढवपणा माझा, तर सांगेनही मीच. चहा घ्या. घेता घेता ऐका.

आमच्या मयुरीचा, म्हणजे माझ्या नातीचा, साखरपुडा ठरला. मुलगा मुलुंडचा, ओंकार नाव. हॉलही मुलुंडलाच. आम्ही राहतो चारकोपला. म्हणजे नटूनथटून, ताटं-परड्या सांभाळत, मुंबईच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायचं. घरची गाडी होती म्हणून काळजी नव्हती. आणि त्या गाडीचीच तर काळजी होती.

काय व्हायचं, धावताना गाडी बरी. सिग्नलला उभी राहिली की सुरू. आधी बारीक थरथर, मग मोठी थरथर, आमच्या गावच्या जत्रेत अंगात आलेल्या बाईसारखी घुमायची आणि मग धप्प. बंद. समोर काचेखाली एक पिवळा दिवा कायम पेटलेला.

एकटे असताना बंद पडली तर आपण दोन शिव्या देतो आणि पुढे जातो. पण ही बया बंद पडली ती ओंकारचे आईवडील आत बसलेले असताना, पुलाच्या चढावरच्या ट्रॅफिकमध्ये. माझा मुलगा सुहास त्यांना घरी सोडायला निघाला होता. ती दोघं भर उन्हात कठड्याला टेकून उभी राहिली. ओंकारची आई पदराने वारा घेत म्हणत होती, "असू दे, असू दे, होतं असं." सुहासने घरी येऊन हे सांगितलं आणि ते 'असू दे' माझ्या काळजात रुतलं. मुलीकडच्यांनी असलं 'असू दे' ऐकून घ्यायचं म्हणजे काय, ते मुलीकडच्यांनाच ठाऊक. साखरपुड्याला जाताना पुन्हा तसं झालं असतं तर मी तोंड कुठे लपवलं असतं?

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी सुहास गाडी घेऊन निघाला, आमच्या इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गॅरेजवर. मीही बसले मागे. सुहास म्हणाला, "आई, तुझं काय काम तिथे?"

"माझी नात, माझी गाडी. चल मुकाट्याने."

गॅरेज फ्रान्सिसचं. पोरगा वसईकडचा, गोड बोलणारा. त्याने गाडीच्या स्टेअरिंगखाली एक वायर खोचली, ती लॅपटॉपला लावली आणि डॉक्टरसारखा गप्प बसून बघत राहिला. मग बॉनेट उघडून एक बारका भाग बदलला आणि मला समजावून सांगितलं. सुहासला नाही हं, मला.

"आजी, गाडीत एक डबा असतो. तो तिचा मेंदू. आणि ठिकठिकाणी सेन्सर असतात, ते त्याला खबर देतात. हवा किती आली, इंजिन किती तापलं, सगळं. हिचा एक सेन्सर खराब होता, तो मी बदलला. पण मेंदूही जुना झालाय. खबर बरोबर आली तरी अर्थ उलटा लावतो."

मला लगेच कळलं. आमच्या मोठ्या नणंदबाई तशाच होत्या. आमटीत मीठ कमी आहे म्हटलं की गूळ घालायच्या.

"मग आता?"

"आता जुनं पुसायचं आणि कंपनीचा नवा प्रोग्राम भरायचा. मग सिग्नलला कशी उभी राहते बघा."

सुहासला तो वेगळं काहीतरी सांगत होता, की हे भरत असताना चावी चालूच राहायला हवी, बॅटरीला चार्जर लावलाय तो हलायला नको, कोणी हात लावायचा नाही. हात लावायचा नाही एवढं मी ऐकलं. चावीचं नाही ऐकलं, कारण माझं डोकं दुसरीकडेच धावत होतं.

कुठे? सांगते. गाडी घेतली तेव्हा आम्ही तिची पूजा केली होती. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग. पण ती पूजा झाली कोणाची? जुन्या डोक्याची. ते डोकं आता पुसलं जाणार. नवीन येणार त्याला ना आमचं कुलदैवत माहीत, ना आमचं घराणं. परक्या डोक्याच्या भरवशावर नातीला साखरपुड्याला न्यायची? तुम्हीच सांगा, माझं काही चुकलं का? इथपर्यंत तरी नाही चुकलं.

सुहास केटरिंगवाल्याशी फोनवर भांडत रस्त्याच्या पलीकडे गेला. मी कोपऱ्यावरून नारळ, फुलं आणि उदबत्ती आणली. हळदकुंकवाची डबी माझ्या पिशवीत असतेच.

फ्रान्सिस म्हणाला, "आजी, पूजा मग करू ना. आता काम चालू आहे."

"अरे, डोकं भरून झाल्यावर पूजा करून काय उपयोग? मूल जन्मायच्या आधी देवाला सांगतात की बारशानंतर?"

तो हसला. "बरं, बाहेरून करा. गाडीला हात नका लावू."

"नाही लावत. पण तूही उभा राहायचास. तुझ्या हाताखाली आहे ती. आणि हे असले ग्रीसचे हात घेऊन? जा, आधी हात धुऊन ये. साबणाने."

फ्रान्सिस नळावर गेला. शेजारच्या गाळ्यात फर्निचरचं काम चालतं, तिथले चौघेजण आपले देवगड-मालवणकडचे. मी हाक मारली, "गाऱ्हाणं घालतेय, या रे." गाऱ्हाणं, म्हणजे देवाला खड्या आवाजात घातलेलं साकडं, म्हटल्यावर कोकणातला माणूस हातातली करवत टाकून येतो. आले. चपला काढून बॉनेटसमोर रांगेत उभे राहिले.

आता खरा किस्सा.

आमचे हे गिरणीत होते. खंडेनवमीला गिरणीत साच्यांची, म्हणजे मागांची, पूजा व्हायची, आम्ही बायका-पोरं बघायला जायचो. तिथला एक नियम माझ्या डोक्यात कोरलेला आहे. चालू यंत्राची पूजा करायची नाही. आधी साचा बंद करायचा, त्याला विसावा द्यायचा, मग हळदकुंकू. एकतर देवाचा मान, आणि दुसरं म्हणजे चालू साच्याला कुंकू लावायला गेलं तर बोट जायचं.

मी गाडीत डोकावले. समोर सगळे दिवे लुकलुकत होते. यंत्र चालू आहे आणि मी पूजा करू? मी हात आत घातला, चावी फिरवली. दिवे विझले. कसं शांत शांत वाटलं. लगेच चावीला, तो मेंदूचा डबा आत कुठेतरी असेल म्हणून स्टेअरिंगच्या खाली, आणि लॅपटॉप उपाशी राहायला नको म्हणून त्याच्याही कडेला कुंकू लावलं. हात लावायचा नव्हता, पण कुंकू बोटाने लावतात.

फ्रान्सिस हात पुसत आला तोपर्यंत मी बॉनेटसमोर उभी. आमच्याकडे गाऱ्हाणं खरं तर पुरुष घालतात. पण सासऱ्यांच्या नंतर ते येतं कोणाला? सुहासला दोन ओळींपुढे येत नाही. मी खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या गाडयेच्या डोक्यात काय घोळ झालो असात, तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सिग्नलार उभी रवली काय जी थरथरता, ती थरथर कायमची बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नातीचा कार्य असा. व्याह्यांच्या म्होरे आमची मान खाली जाव देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी फ्रान्सिसनेही आवाज दिला, डोळे मिटून. पोरगा मनाने फार चांगला.

नारळ फोडला. आत गोड पाणी, पांढराशुभ्र. मी बॉनेटवर कान टेकवला. जरा म्हणून थरथर नाही. गार, शांत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. देव इतक्या पटकन ऐकतो? मी तिथूनच सुनेला फोन लावला, "शुभांगी, गाडी बरी झाली. ओंकारच्या आईला कळव, काळजी करू नका म्हणावं." तिनेही कळवलं. बातमी मुलुंडला पोचली.

खोबरं वाटता वाटता फर्निचरवाल्यातला एकजण म्हणाला, "आजये, आमचा रंध्याचा मशीन पण मदीच बंद पडता. त्येका पण घालशात काय एक?" एक रिक्षावाला थांबला, त्याला मीटरसाठी हवं होतं. मी म्हटलं, रांगेत या, एकेक करून घेते. मला जरा चढलीच होती.

आणि फ्रान्सिस गाडीत बसला. लॅपटॉपकडे बघितलं. मग चावीकडे. मग चावीवरच्या कुंकवाकडे. मग माझ्या बोटाकडे.

"आजी, चावी कोणी बंद केली?"

"मीच. चालू यंत्राची पूजा करत नाहीत, बाबा."

त्याने चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. पिवळा दिवासुद्धा नाही.

"जुना प्रोग्राम पुसून झाला होता," तो म्हणाला. "नवा अर्धाच गेला होता. आता हिला आपण गाडी आहोत हेच माहीत नाही."

"पण थरथर तर थांबली ना?"

"आजी, थरथर थांबली कारण गाडीच थांबली."

तेवढ्यात सुहास आला. त्याने एकदा गाडी बघितली, एकदा फोडलेला नारळ, एकदा खोबरं खात उभे असलेले लोक. म्हणाला, "आई, काय केलंस?"

मी गाऱ्हाणं मनातल्या मनात पहिल्यापासून तपासलं. देवाची काही चूक नव्हती. थरथर कायमची बंद कर, असं मी मागितलं होतं, त्याने केली. गाडी चालू ठेव, हे म्हणायचं माझंच राहिलं होतं. मी सुहासला म्हटलं, "थांब, एक दुरुस्तीचं गाऱ्हाणं घालते."

सुहासने रांगेतल्याच त्या रिक्षात मला बसवलं आणि घरी पाठवून दिलं. मीटरचं गाऱ्हाणं राहिलं ते राहिलंच.

घरी मी जेवले नाही. शुभांगी भांडी जोरात ठेवत होती. मयुरी तेवढी माझ्या शेजारी येऊन बसली, म्हणाली, "आजी, बसने जाऊ आपण. त्यात काय?" असं म्हणाली म्हणून तर मला जास्त रडू आलं. संध्याकाळी सुहासचा फोन आला. फ्रान्सिसने बॅटरी सोडवली, परत जोडली, कुणाकुणाला फोन करून विचारलं, बऱ्याच खटपटीनंतर त्या डब्याने ओळख दिली आणि मग सगळा प्रोग्राम पहिल्यापासून भरला. गाडी झकास झाली होती. मी देवाजवळ दिवा लावला आणि फ्रान्सिससाठीही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सुहास गाडी चालवत होता, शेजारी शुभांगी, मागे मयुरी आणि मी. मला गाडी लागते, म्हणून मी उलटीची गोळी घेतली होती. ती घेतली की मी मेल्यासारखी झोपते. कांदिवली सुटायच्या आत माझा डोळा लागला.

जाग आली ती मुलुंडला, हॉलच्या अलीकडच्या सिग्नलला. डोळे उघडले तर काय, गाडी उभी आणि निःशब्द. ना आवाज, ना थरथर. सीटवर हात ठेवून बघितलं, बर्फासारखी शांत. बंद पडली. माझ्यामुळे बंद पडली, आणि तीही अगदी व्याह्यांच्या दारात.

बोलत बसायला वेळ होता का? मी दार उघडून उतरले.

"आई, कुठे चाललीस?" सुहास ओरडला.

"तू स्टेअरिंग धर. मयुरी, तू उतरायचं नाहीस हं, साडी चुरगळेल. मी देते धक्का."

आणि दार लावून घेतलं. आतून सगळे काचेवर हात आपटत होते. मला वाटलं, हात जोडतायत, म्हातारीची दया आलीय. मी हातानेच सांगितलं, काळजी करू नका. नऊवारीचा काष्टा आवळला, डिकीला दोन्ही हात लावले, देवाचं नाव घेतलं आणि दिला रेटा.

गाडी निघाली. कशी निघाली म्हणून सांगू, लोण्यातून सुरी गेल्यासारखी. मला धन्य वाटलं. या वयात, या गुडघ्यांनी? मग लक्षात आलं की गाडी निघाली ती थांबेचना. सिग्नल हिरवा झाला होता, हवालदार शिट्टी मारून सुहासला पुढे ढकलत होता, आणि सुहास काचेतून मागे बघत बघत वळणापलीकडे नाहीसा झाला.

रस्त्याच्या मधोमध मी, नऊवारीत, नाकात नथ, डोक्यात गजरा. मागून हॉर्न.

मागे जी गाडी होती तिची काच खाली झाली. आत मागच्या सीटवर ओंकार. शेरवानीत. शेजारी त्याची आई.

"आजी, तुम्ही इथे?" ओंकारने विचारलं.

"गाडी बंद पडली होती रे. धक्का मारला."

"बंद नव्हती, आजी. मागच्या नळीतून धूर येत होता, मी बघितला. नव्या सॉफ्टवेअरने गाडी उभी असताना इंजिन एकदम स्मूद चालतं, आवाजच येत नाही. सुहासकाकांनी काल रात्री मला सगळं सांगितलं."

"सगळं?" मी विचारलं.

त्याची आई पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. सगळंच सांगितलं होतं.

"बसा, आजी," तिने मागचं दार उघडलं. "असू दे, होतं असं."

मलाही हसू फुटलं. मी बसले. दुसरं काय करणार? हॉलच्या दारात सनई वाजत होती, वरपक्षाची गाडी आली म्हणून बायका आरत्या घेऊन धावल्या. दार उघडलं आणि पहिली उतरले मी. कुणीतरी घाईघाईत माझ्या पायावर पाणी घातलं, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला कुंकू लावलं.

मयुरीचं लग्न अजून व्हायचंय. पण तिच्या सासरची गाडी, दारातलं औक्षण, आणि तिच्या सासूच्या मांडीला मांडी लावून बसणं, हे सगळं तिच्या आधी तिच्या आजीचं उरकून झालंय. आता नात सासरी जाताना रडली, तर मी काय सांगून तिची समजूत घालणार? मी तर हसत हसत गेले होते.