इसाकभाईंची दोरी

इसाकभाई आमच्या गावाचे पाणीवाले. एकवीस वर्षं धरणावरचा पंप त्यांच्याच हातात. माणूस सोन्यासारखा, म्हणून तर माझा जास्त संताप होतो. वाईट माणसावर एवढं कोण चिडतं?

धरणातल्या विहिरीत पाणी घ्यायला एकीखाली एक अशा तीन झडपा आहेत. ऊन तापलं की इसाकभाई मुद्दाम खालची उघडायचे, तळाचं पाणी गार म्हणून. कुणाकडे लग्न, कुणाचा रोजा. "अक्का, आज थंड पानी धाडेल शे," असं माझ्या दारावरून सांगत जायचे. आम्हीही कौतुकाने प्यायचो. दोन वर्षांपासून त्या पाण्याला कुजका वास यायला लागला. त्यांनी पाण्यात ब्लीचिंग पावडर वाढवली, आम्ही नाक मुरडलं आणि गप्प बसलो. मीसुद्धा.

यंदा मे महिन्यात त्यांची चार वर्षांची नात मिसबाह उलट्या-जुलाबांनी गळून गेली. एरंडोलला नेऊन सलाईन लावलं. पाठोपाठ गल्लीतली आणखी सात पोरं. माझी भाची दिपमाला जळगावला पाणी तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिने खालच्या झडपेचं पाणी बाटलीत धरलं. काळपट होतं.

"मावशी, केळीचं, कपाशीचं खत मातीबरोबर वाहून तळाशी बसलंय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात तळाला हवा उरत नाही, मग गाळ ते खत परत पाण्यात सोडतो. त्यावर शेवाळ माजतं, मरतं, कुजतं. एवढ्या घाणीत पावडर काय करणार? पण गाळ झडपेला टेकेपर्यंत कुणी मोजलं नाही का?"

मोजलं होतं. इसाकभाई दर उन्हाळ्यात दोरीला लोखंडी नट बांधून तळ बघायचे. दरवर्षी दोरी थोडी उरायची. उरलेली निळी दोरी पायात येते म्हणून ते कापून घरी आणायचे.

मी तडक त्यांच्या घरी गेले. "भाई, दोरी उरते हे कुणाला सांगितलं का नाही?"

"कोनी इचारंच नही, अक्का. माले वाटनं, वल्ली व्हयीसन दोरीच वाढस."

दोरी भिजून वाढते म्हणे! काय बोलावं या माणसाला? आता बोंबलून तरी काय, बैल गेला नि झोपा केला. मागे त्यांची बायको ताजबी दवाखान्यातून घरी आलेल्या मिसबाहचे कपडे वाळत घालत होती. दोरी निळी, तुकड्याला तुकडा गाठून केलेली. इसाकभाईंची नजर त्या दोरीवर गेली आणि तिथेच राहिली. मग उठून त्यांनी एकेक कपडा काढून ताजबीच्या हातात दिला आणि दोरी सोडवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंप लावला नाही. वरच्या दोन झडपा कोरड्या, आणि खालची ते उघडेनात. बायामाणसं हंडे घेऊन त्यांच्या दारात जमली, वाटेल ते बोलली. इसाकभाईंनी त्या दोरीचं एक टोक स्वतःच्या ओट्याच्या खांबाला बांधलं आणि चालत निघाले. गल्ली ओलांडली तरी दोरी संपली नाही. माझ्या ओट्याशी आल्यावर संपली.

"देखा," ते म्हणाले, "इतलं पानी चिखलनी खादं."

दुसरं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. माझ्या दुसऱ्या हातात रिकामा हंडा होता.